पेंटरमामांना न सांगितलेली ओळ

पेंटरमामा संगणकावर काम करताना दर दहा मिनिटांनी खुर्चीतून उठायचे आणि उलट्या पावलांनी थेट दारापर्यंत जायचे. तिथून एक डोळा मिटून पडद्याकडे बघायचे. उमेदीची वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. शिडीवरून उतरून रस्त्यापलीकडून अक्षर न्याहाळायची सवय आमच्या सिडकोतल्या वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसातही सुटली नव्हती. पोरं खुदखुदायची. "हसा," मामा म्हणायचे, "पन लांबून वाचता नाय आलं तर अक्षर कायच्या कामाचं?"

मूळचे गंगापूरचे. फ्लेक्स आले, ब्रश गेला, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या या माणसानं माउस हातात धरला. मराठी अक्षराचं तसं वळण मी पुन्हा कुणाच्या हातात पाहिलं नाही. वेबसाइटचं पान त्यांनी चितारायचं आणि मी ते कोडमध्ये उतरवायचं, अशी आमची वाटणी होती. मी देवगाव रंगारीहून शिकून आलेली, ऑफिसातली एकुलती एक मुलगी. वयानं निम्मी असूनही ते मला 'ताई, तुम्ही' असंच म्हणायचे.

"पत्रा कळल्याबिगर रंग धरत नाय," हे त्यांचं पालुपद. गंजका पत्रा किती घासायचा, अस्तर कधी मारायचं, हे ते कुणालाही धरून सांगत. आणि मग माझ्याकडे वळत. "ह्या पडद्याचा पत्राच मला कळंना, ताई. मला कोड शिकवा की. लई नको, माझ्यापुरतं." मी म्हणायचे, "सोमवारपासून बसू या, मामा." असे कितीतरी सोमवार गेले. खरं सांगायचं तर मला शिकवायचंच नव्हतं. एक शब्द बोटभर डावीकडे सरकवायचा झाला तरी हा कसलेला कारागीर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा, आणि मला ते आवडायचं. घरी माझं मत कुणी विचारत नव्हतं. इथे माझ्यावाचून कुणाचं तरी अडत होतं.

मग बियाण्यांच्या एका कंपनीचं काम आलं. मामांचे मथळे मी कोडमध्ये घेतले तर वेलांट्यांचे आणि रफारांचे शेंडे वरून कापले जायला लागले. मामा कासावीस झाले. "ताई, हे काहून कापतंय?" काहून म्हणजे काय, ओळीची उंची मीच इंग्रजीच्या मापानं ठेवली होती आणि ती मराठीला पुरत नव्हती. कोडमधली एक ओळ बदलली की झालं. पण मग खालची सगळी मांडणी सरकली असती, आणि ती पुन्हा बसवायचा मला कंटाळा. "मशीनला मराठी असंच दिसतं, मामा," मी ठोकून दिलं. वर चिडवलंही, "नाचता येईना, अंगण वाकडं!" ते बिचारे हसले. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच वाकडं ठेवलं होतं.

त्यावर मामांनी पेंटरचा उपाय काढला. प्रत्येक मथळाच काय, वाणांची सगळी माहितीसुद्धा त्यांनी अक्षरांचं चित्र करून दिली. शेंडे शाबूत राहिले. एवढी चित्रं मोबाइलला पेलणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी ती मुकाट्यानं चढवली.

पेरणीच्या तोंडावर सोयगावकडून शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले. "नुसतं चक्कर फिरतंय, पान उघडंनाच." कंपनीला एका वाणाची माहिती बदलायची होती, तर चित्रातला शब्द बदलणार कसा? मालकांनी सगळ्यांना समोर उभं केलं. "अक्षरांची चित्रं कुणी केली?"

"म्या केली, साहेब," मामा म्हणाले. "मशीनला मराठी नीट येत नाय, म्हून केली."

ऑफिस फिसकन हसलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी कीबोर्डकडे. त्याच दिवशी मामांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. डबा पिशवीत टाकून ते माझ्यापाशी आले. "आपलं सोमवारचं राहूनच गेलं, ताई," म्हणाले, आणि गेले.

चार वर्षांनी, परवाच, एका लग्नाला गंगापूरला गेले होते. लग्नपत्रिका छापायच्या एका छोट्या दुकानातून हाक आली. मामाच. आनंदानं आत बसवलं, चहा मागवला आणि लॅपटॉपवर दुकानाची वेबसाइट उघडली. स्वतः लिहिलेली. लेकीच्या कॉलेजच्या वह्यांवरून शिकले होते. मथळा मोठा, देखणा, एकही वेलांटी कापलेली नाही, आणि चित्र एकही नाही.

"आता काढतानाच कळतं, काय टिकंल अन् काय तुटंल," ते म्हणाले. "अन् त्या शेंड्यांचं तर एका ओळीचं काम निघालं हो!" मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला ठावं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला.

"मला वाटायचं मशीनलाच जमत नाय," ते म्हणाले. "म्हून तर इतकी वर्षं कोणावर राग नाय धरला."

चहा तसाच ठेवून मी उठले. त्यांनी बसा म्हटलं नाही.