जोडीतली जुनी बॅटरी

माझ्या मोठ्या मामाच्या दुकानात मोटर घ्यायला आलेल्या माणसाला आधी परीक्षा द्यावी लागायची. होडी किती लांब? रिकामी किती वजनाची, भरली की किती? जाळं ओलं धरलंस की कोरडं? रोज किती लांब जातोस? परत येताना वारा पाठीवर असतो की तोंडावर? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांची दांडी उडायची, कारण निघताना सगळे वारा बघतात, येतानाचा कोणी बघत नाही. उत्तर आलं नाही की मामा म्हणायचा, "मग आज नुसता पाण्यावर जा, बघ, आणि उद्या ये." आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा दुसरा दुकानदार मी पाहिलेला नाही. धरणावरचे मच्छीमार त्याला मास्तर म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हतं.

धरणाचं पाणी शहराला प्यायला जातं, त्यामुळे तिथे डिझेलच्या इंजिनाला बंदी. वल्ही मारा, नाहीतर बॅटरीवर चालणारी मोटर मागे लावा, एवढेच दोन रस्ते. मामाचं दुकान बांधाच्या खाली होतं. एकच खोली, वर पत्रे, भिंतीला लागून फळीवर बॅटऱ्यांची रांग, आणि अ‍ॅसिडचा वास असा की घरी गेल्यावरही नाकातून जायचा नाही. मामाच्या एकूण एक पँटींना अ‍ॅसिडची भोकं. मी तिथे सहा वर्षं काम केलं. बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, त्यांत पाणी भरायचं, तारांना टोकं बसवायची आणि मामाची बोलणी खायची.

काम मात्र त्याचं चोख होतं, ते नाकारून चालणार नाही. भरलेल्या होडीच्या दर शंभर किलोमागे मोटरीचा पाच पाउंड जोर, हे झालं शांत पाण्याचं. वाऱ्याचं पाणी असेल तर दुप्पट धरायचं. कुणी ट्रकची जुनी बॅटरी खांद्यावर घेऊन आला की मामा त्याला दारातच अडवायचा. "हिला एकदा दणका द्यायचा माहीत आहे, दिवसभर राबायचं माहीत नाही. तुझ्यासारखीच आहे." आणि बॅटरी अर्धी संपली की ती संपलीच समजायची, हे तर तो उठता-बसता सांगायचा. उरलेली अर्धी वापरलीस तर तिचं आयुष्य खातोस, म्हणायचा. त्याचं ऐकून ज्यांनी मोटरी बसवल्या त्यातला एकही पाण्यात अडकला नाही.

पण त्याच्या चुकीवर बोट ठेवायची सोय नव्हती. एकदा एका वायरमनने दाखवून दिलं की चार्जरच्या तारा उलट लागल्यात. मामाने त्याची अशी काही हजेरी घेतली की तो बिचारा पक्कड विसरून पळाला. तो गेल्यावर मामाने गुपचूप तारा बदलल्या. मी समोरच होते. मी मूग गिळून बसले, आणि त्याने मला पाहिलंच नाही असं दाखवलं. "तू मला शिकवणार?" हे त्याचं पालुपद होतं. घरात कुणी त्याच्यापुढे ब्र काढत नसे.

धाकटा मामा तर नाहीच नाही. आजोबा गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. मोठ्यानेच त्याला वाढवलं, पोहायला शिकवलं, वल्हं हातात दिलं. धाकट्याला मी अरे-तुरे करायचे, त्याच्या पाठीवर चढायचे. मोठ्याला मात्र मी आजतागायत तोंडावर अहो-जाहोच करते. धाकटा मामा मच्छीमार होता आणि मनाने अगदी लोण्याचा गोळा. तीस वर्षं वल्ही मारून त्याचा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, वल्हं बंद करा, नाहीतर हा हात गमावाल. त्याला दुसरा कुठला धंदा येत नव्हता, आणि खरं म्हणजे नकोच होता. हात वाचवून पाण्यावर जायचं तर मोटर हवीच होती.

मोठ्या मामाने सख्ख्या भावाचीही परीक्षा घेतली. होडी मोजली, ओली जाळी काट्यावर चढवली, धाकट्या मामीलाही काट्यावर उभं केलं, कारण ती कधीकधी सोबत जायची. मामी काट्यावरून उतरताना म्हणाली, "आकडा मोठ्याने नका वाचू, भावोजी." त्या दिवशी मोठा मामा चक्क हसला. त्याने ऐंशी पाउंडांची, चोवीस व्होल्टची मोटर निवडली. चोवीस व्होल्टला बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडाव्या लागतात. दोन्ही एकाच वयाच्या हव्यात. एक जुनी असली की ती आधी दम सोडते आणि नवीलाही घेऊन बसते. हा नियम मामाने मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता.

दोन नव्या बॅटऱ्या आल्या. खोक्यातून काढल्या तर एकीला तळाशी तडा, अ‍ॅसिड गळतंय. बदली यायला पंधरा दिवस लागणार होते. धाकटा दारात उभा. आठ दिवस तो पाण्यावर गेला नव्हता आणि तोंड एवढंसं झालं होतं. मोठा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने कोपऱ्यात हात घातला आणि दिवे गेल्यावर दुकानात लावायची बॅटरी बाहेर काढली. तीन वर्षांची. पुसली, मीटर लावला. काटा साडेबाराच्या वर गेला.

"बघ. ठणठणीत आहे."

आता, नुसत्या मीटरवर मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा साडेबारा दाखवते. खरं कळतं ते तिच्यावर भार टाकल्यावर. त्यासाठीच तर मामाने फळीवर गाडीचे चार मोठे दिवे ठोकून ठेवले होते. ते लावून दहा मिनिटं थांबायचं आणि मग मीटर बघायचा. गिऱ्हाइकाच्या बॅटरीला ही चाचणी तो कधी चुकवत नसे. मी फळी पुढे केली.

"मामा, दिवे लावून बघायचे का?"

"माझ्या दुकानातली बॅटरी आहे ती. रोज बघतो मी तिला. तू मला शिकवणार?"

मी फळी परत भिंतीला टेकवली. हे मला आजही सोसवत नाही. दहा मिनिटांचं काम होतं.

पंधरा दिवसांनी बदली आली. मामाने निरोप धाडला की येऊन जुनी बदलून ने. धाकट्याचा उलट निरोप आला, छान चाललंय, राहू दे. मामाने तो निरोप दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकवला. बॅटरी जपली तर तीन वर्षांचीही नवीला हार जात नाही, असं वर ठासून सांगितलं. बदलीची बॅटरी दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेली. मामा खूश होता म्हणून मीही खूश होते, कारण तो खूश असला की आमचा दिवस बरा जायचा.

दीड महिन्याने ते झालं. धरण भरलं होतं आणि सांडव्यावरून पाणी जात होतं. धाकटा मामा एकटाच पलीकडच्या काठाला जाळं काढायला गेला. दुपारी वारा फिरला आणि परतताना थेट तोंडावर आला. अर्ध्या वाटेवर मोटर मंदावली, घुरघुरली आणि बंद पडली. होडी सांडव्याकडे ओढली जायला लागली. तिथे नांगर धरत नाही, तळ नुसता कातळ आहे. त्याने जाळं, मासे, सगळं पाण्यात टाकलं आणि वल्ही हातात घेतली.

अडीच तास तो वल्हवत होता. बांधावरच्या चौकीदाराला तो दिसला तेव्हा कुठे आम्हाला कळलं. आम्ही काठावर जाऊन उभे राहिलो. होडी मोठी होत यायची, वाऱ्याचा झोत आला की पुन्हा मागे जायची. मामीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी माझ्या मनगटात रुतली. मोठा मामा गुडघाभर पाण्यात शिरून ओरडत होता, "डाव्या हाताने ओढ! डाव्या हाताने!" वाऱ्यात त्याला काही ऐकू जाणार नव्हतं. दुसरी होडी मिळून दोघं जण मदतीला निघाले तोवर तो स्वतःच उथळ पाण्याला लागला होता.

जीव वाचला. हात गेला. खांद्याचा स्नायू हाडापासून सुटला होता. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की फार आशा धरू नका. आता त्याचा उजवा हात छातीच्या वर येत नाही. जाळं फेकणं सोडा, त्याला सदरा घालायलाही मामी लागते.

होडीतून काढलेल्या बॅटऱ्या मोठ्या मामाने स्वतः दुकानात आणल्या. रात्रभर चार्जिंगला लावल्या. सकाळी दार लावलं आणि जुनीला ते चार दिवे जोडले. दिवे पिवळे पडले आणि दोन मिनिटांत विझले. त्याने तारा सोडवल्या. मग म्हणाला, "चल."

धाकटा खाटेवर होता, हात गळ्यात बांधलेला. आम्हाला पाहून तोच आधी बोलला.

"दादा, चूक माझी रे. मी जाताना फुल स्पीडने गेलो. तू शंभर वेळा सांगितलं होतंस."

"गप्प बस," मोठा म्हणाला. तो उभाच होता. "चूक माझी आहे. जुनी बॅटरी मी दिली. बघितली नाही, तपासली नाही. तुझा हात मी घालवला."

मी त्याच्या तोंडून 'चूक माझी' हे शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकले. मला वाटलं, आता रडतील दोघं, गळ्यात पडतील, निदान एवढं तरी होईल. पण मामी दारातून म्हणाली, "त्यांना तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, भावोजी."

"अगं, जाऊ दे ना," धाकटा म्हणाला.

"का जाऊ दे? एक बॅटरी तापते, दुसरी थंड असते, रोज घरी येऊन सांगत होतात. जवळच्या जवळ जाऊन परत येत होतात. त्या दिवशी मासे लांब होते म्हणून गेलात."

मोठ्याने धाकट्याकडे पाहिलं. "बदली आली होती. मी निरोप धाडला होता. का नाही आलास?"

धाकटा चादरीची किनार डाव्या हाताने चाळवत राहिला. "निरोपात बदलून ने म्हणाला होतास. पण आलो असतो तर तू विचारलं असतंस, जुनी कशी चालली? मग सांगावं लागलं असतं की तू दिलेली खराब निघाली." तो कसनुसं हसला. "तुला कोण सांगणार, दादा?"

मोठा मामा खाली बसला, खुर्ची नव्हतीच, जमिनीवरच. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू दिवे लावू का म्हणाली होतीस. पुन्हा का नाही म्हणालीस?"

"भीती वाटली," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मग त्याने आम्हा तिघांना मिळूनच विचारलं, अगदी हळू, त्याचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"इतकी भीती वाटते तुम्हाला माझी?"

धाकट्याने भिंतीकडे पाहिलं. मामी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. उत्तर माझ्या जिभेवर होतं, एका शब्दाचंच होतं, आणि मी ते गिळलं.