पांढऱ्या पिल्लाचे व्याही

आमच्या कुत्रीचं लग्न ठरलं तेव्हा माझं ठरत नव्हतं, ही गोष्ट आई चारचौघांत हसत हसत सांगायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात आपटायचे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बंगळूरला यशवंतपुरात राहत होतो, घाऊक बाजाराच्या मागच्या अंगाला. आमचे पूर्वज इकडे कधी आले हे घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. वडिलांना गल्लीतले सगळे अण्णा म्हणत, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. अण्णा कारखान्यात फोरमन होते, पण ते पोटापुरतं. खरा जीव अल्सेशियन कुत्र्यांत. आमच्या परसात त्यांची एक मादी होती, काळी-तांबूस, ऐटदार, आणि अण्णांच्या मते घरातली सर्वांत शहाणी बाई. आईच्या समोरसुद्धा ते हे म्हणायचे.

हिला साजेसा नर सापडला तो कोरमंगलाला. त्याचे मालक पुण्याहून नुकतेच बदलून आले होते, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कुत्रा देखणा होता. मालकही देखणे, आणि दोघांनाही ते माहीत होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी कुत्र्याच्या सात पिढ्यांची नावं म्हणून दाखवली. मला बघायला आलेल्या एकाही मुलाला स्वतःच्या पणजोबांच्या पलीकडे जाता आलं नव्हतं.

ते 'मेटिंग' म्हणत, आई 'लग्न' म्हणायची. तिनंच त्यांना व्याही करून टाकलं आणि त्यांच्या बायकोला विहीणबाई. अण्णा बोलताना मध्येच कानडीतलं 'सरी' (म्हणजे बरं) आणि 'स्वल्प' (म्हणजे जरा) म्हणाले की व्याह्यांच्या कपाळावर बारीक आठी पडायची. एकदा त्यांनी प्रेमानं सुचवलंही की मराठी शुद्ध राहिली पाहिजे, रक्तासारखी. अण्णा 'सरी' म्हणाले.

विहीणबाई मात्र फार बोलत नसत. पहिल्यांदा आल्या तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि आईला शेंगा सोलू लागल्या. कुत्र्यांचे केस साडीला लागतात म्हणून परसात आल्याच नाहीत. बाईला कुत्र्यांचा तिटकारा दिसतोय, असं आईनं त्या गेल्यावर जाहीर केलं.

या धंद्यात नराच्या मालकाला पैसे देत नाहीत. त्याचा 'पहिला हात' असतो. पिल्लं दीड महिन्याची झाली की सगळी अंगणात सोडायची, अल्सेशियनवाल्यांच्या क्लबचा एखादा माणूस साक्षीला बोलवायचा, आणि नराच्या घरचं माणूस ज्या पिल्लाला उचलेल ते त्यांचं. उचललेलं परत खाली ठेवायचं नाही. पूर्वी लोक एक उचलायचे, मग दुसरं बरं दिसलं की बदलायचे, आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून हा दंडक. व्याह्यांना तो फार आवडला. नियम म्हणजे नियम, असं ते दोनदा म्हणाले.

आईनं कुत्रीचं डोहाळजेवण केलं. ती हिरवं पोलकंही शिवणार होती, पण अण्णांनी अडवलं. मग यथावकाश कुत्री व्यायली. पाच पिल्लं काळी-तांबूस, आईबापासारखी. आणि सहावं, एक मादी, पांढरं. भुरकट नाही, दुधाळ नाही, चक्क धुतल्या धोतरासारखं पांढरं.

अण्णा खाली बसले. आई म्हणाली, "अय्या, किती गोड." अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं सुतकात पेढे वाटले.

पांढरा अल्सेशियन म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात कळलं. जातीचं एक वर्णन ठरलेलं असतं. काळा-तांबूस चालतो, करडा चालतो, पूर्ण काळाही चालतो. पांढरा बाद. प्रदर्शनाच्या रिंगणात त्याला उभं करायचं नाही, त्याची पुढची पैदास करायची नाही. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण रीत अशी होती की असं पिल्लू झालंच तर त्याचा बोभाटा होऊ द्यायचा नाही. कुणी डॉक्टरांकडून सुई देववायचे, कुणी त्याहून स्वस्तात उरकायचे. मग बाहेर सांगायचं, पाचच झाली.

याच सुमारास मला तिसऱ्या स्थळाकडून निरोप आला होता, मुलगी चांगली आहे पण जरा सावळी आहे. म्हणजे एकाच घरात, एकाच महिन्यात, मी काळी म्हणून नापास आणि ते बिचारं गोरं म्हणून. मी अण्णांना विचारलं की नेमका कोणता रंग फासायचा ते एकदा सांगून टाका, आम्ही दोघी प्रयत्न करतो. अण्णा हसले नाहीत. त्यांना खरंच भीती वाटत होती. वीस वर्षं माणूस यशवंतपुराच्या बाजारातून सायकलवर कुत्र्यांसाठी मटण आणतो, बक्षिसाचे कप पुसून ठेवतो, आणि एका पिल्लापायी क्लबात त्याच्या मादीकडे लोक बोट दाखवणार. मला ते समजत होतं. पण पिल्लू माझ्या मांडीत झोपत होतं, त्यामुळे माझी समजूत फार वेळ टिकत नसे.

व्याही पिल्लं बघायला आले आणि पांढरं दिसताच दोन पावलं मागे सरले. हे तुमच्या बाजूनं आलंय, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. आमच्याकडे सात पिढ्यांत असं नाही. अण्णांनीही छाती काढून सांगितलं की आमच्याकडे पण नाही. मग दोघं परसात उभं राहून एकमेकांच्या खानदानावर असे काही बोलले की खऱ्या लग्नातले व्याही लाजले असते. शेवटी ठरलं की प्रकरण क्लबपुढे न्यायचं.

क्लबचे अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक शांत कन्नड गृहस्थ. सर्जापूर रोडला त्यांचा मळा होता. तेव्हा त्या रस्त्याला नीलगिरीची झाडं, रागीची शेतं आणि अधूनमधून एखादी बस, एवढंच. सभा तिथे भरली. मी चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा घेऊन गेले आणि कुणी हाकललं नाही म्हणून बसून राहिले.

अशी चर्चा मी पुन्हा ऐकली नाही. एकजण म्हणाले, हा मेंढरं राखणारा कुत्रा. पांढरा असला तर मेंढरांत ओळखूच येणार नाही. दुसरे म्हणाले, उलट धनगर पांढराच मागतो, म्हणजे अंधारात लांडगा समजून त्याच्याच टाळक्यात काठी बसत नाही. दोघंही तावातावानं बोलत होते. जमलेल्यांपैकी एकाच्याही कुत्र्यानं जन्मात मेंढरू पाहिलं नव्हतं. सगळी कुत्री कंपाउंडात बसून गॅसचे सिलिंडर राखायची. तिसऱ्यांनी सांगितलं की पांढरी कुत्री बहिरी असतात. मी म्हटलं, आई बिस्किटाचा डबा उघडते तेव्हा सगळ्यांत आधी हेच पळत येतं. त्यांनी मला, तू स्वल्प गप्प बस, असं प्रेमळपणे सांगितलं. चौथ्यांना पुढची काळजी होती. आज पांढरा मान्य केला तर उद्या कुणी ठिपक्यांचा आणेल आणि परवा आणखी कसला, मग जात म्हणून उरणार काय? हे मात्र मला अगदीच वेडगळ वाटलं नाही. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं काहीतरी असतं आणि ते सैल सोडलं तर विरघळतं, हे आमच्या घरातल्या मराठीकडे पाहिलं तरी कळत होतं. फक्त त्यासाठी एका जिवंत पिल्लाचा काटा का काढायचा, हे कुणी सांगत नव्हतं.

मग क्लबचे पशुवैद्य उठले. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की हा पांढरेपणा आईकडे असतो आणि बापाकडेही असतो, दोघांच्याही अंगात लपून बसलेला. दोघांनी दिला तरच पिल्लू पांढरं होतं. एकट्याच्या माथी मारता येत नाही.

व्याही म्हणाले, ते पुस्तकात असेल, आमच्या रक्तात नाही.

मला राहवलं नाही. मी अगदी भाबड्या आवाजात विचारलं, "मग काका, या पिल्लांचा बाप दुसराच कुणी असणार. तसं असेल तर पहिला हातही त्याच्याच मालकाचा. आम्ही त्यांना शोधायला लागू का?"

अध्यक्षांनी चष्मा पुसायला काढला. व्याह्यांची पंचाईत अशी की सहांतला सगळ्यांत दणकट नर त्यांनी आधीच हेरून ठेवला होता आणि आपल्या साहेबांना कबूलही करून टाकला होता. नीलगिरीच्या झाडांकडे बघत त्यांनी मान्य केलं की बाप त्यांचाच कुत्रा, आणि दोष, असलाच तर, निम्मा निम्मा.

मी विजयी मुद्रेनं घरी आले. पण माझ्या हुशारीचं फळ काय? आतापर्यंत पिल्लाच्या मुळावर एक घर होतं, आता दोन झाली. निम्मा निम्मा दोष म्हटल्यावर दोघांची अब्रू एकाच पिल्लात अडकली आणि कालपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढणारे व्याही एकदम गळ्यात गळा घालू लागले. फोनवर हलक्या आवाजात ठरलं की पहिल्या हाताच्या दिवशी क्लबचे डॉक्टर येतीलच, बाकी पिल्लांना लस द्यायला. तेव्हाच हेही उरकून घेऊ.

आई दोन दिवस अण्णांशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पण ताटाकडे न बघता. मी तर सरळ भांडले. अण्णा एवढंच म्हणाले, "तुला नाही कळायचं ते." त्यांनी पिल्लाकडे बघणंच सोडून दिलं होतं. परसात गेले तरी तोंड फिरवून पाच पिल्लांचं करायचे. निदान आम्हाला तरी तसंच दिसत होतं.

तो दिवस उजाडला. अध्यक्ष आले, साक्षीला. डॉक्टर आले, त्यांनी बॅग ओसरीवर ठेवली. व्याही वेताची टोपली घेऊन आले, आत नवा टॉवेल अंथरलेला. बरोबर विहीणबाई. यावेळी मात्र त्या स्वयंपाकघरात न जाता सरळ अंगणात येऊन उभ्या राहिल्या. आईनं मला कोपरानं ढोसलं.

पिल्लं सोडली. दणकट नर तुळशीकट्ट्याशी जाऊन तिथली माती उकरायला लागला. पांढरं पिल्लू अंगणाच्या मध्यावर बसलं आणि डॉक्टरांच्या बुटाची नाडी चघळू लागलं. डॉक्टरांनी पाय हलवला नाही. व्याह्यांनी बाह्या दुमडल्या आणि अध्यक्षांना नम्रपणे विचारलं, घेऊ ना?

ते वाकायच्या आत विहीणबाई पुढे गेल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, खाली बसल्या आणि पांढरं पिल्लू दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं.

व्याह्यांना वाटलं बाईंना नियम माहीत नाही. ते हसत हसत म्हणाले की अगं, ते खाली ठेव, आपल्याला तो घ्यायचाय. विहीणबाईंनी ठेवलं नाही. त्या फार हळू बोलल्या, पण अंगणात तेव्हा दुसरा कसलाच आवाज नव्हता.

"आपल्या कुत्र्याबरोबर जन्मलेली दोन पिल्लं पांढरीच होती. पुण्यात. तुम्ही बादली घेऊन मागे गेलात तेव्हा मी कुकर लावत होते. शिट्टी होईपर्यंत तुम्ही परत आलात आणि हात धुऊन जेवायला बसलात. मी तुम्हाला वाढलं." त्यांनी पिल्लू जरा वर घेतलं. "हिला मी नेणार."

सात पिढ्या त्या अंगणात अशा संपल्या. व्याही अध्यक्षांकडे पाहत राहिले. अध्यक्ष कन्नडमध्ये म्हणाले, हात लागला, झालं. आणि मान खाली घालून चपला घालायला लागले. त्यांना हसू आवरत नव्हतं की आणखी काही, ते मला दिसलं नाही. डॉक्टरांनी बॅग उघडली आणि लसीची तयारी सुरू केली. आई डोळ्यांना पदर लावून चक्क रडत होती. मला तर उडी मारावीशी वाटत होती, पण व्याह्यांचं तोंड बघून नाही मारली. रिकामी टोपली हातात धरून ते उभे होते आणि पहिल्यांदाच मला त्यांची कीव आली.

विहीणबाई गाडीकडे निघाल्या. पिल्लू त्यांच्या खांद्यावर चढून मागे बघत होतं आणि साडीवर भरपूर केस लागले होते.

"विहीणबाई, स्वल्प थांबा," अण्णा म्हणाले.

ते घरात गेले नाहीत. परसात गेले, पिल्लांच्या खोलीमागे जिथे ते लाकडं ठेवायचे तिथे वाकले, आणि हातात एक मळकं बनियन घेऊन आले. त्यांचं स्वतःचं. पांढऱ्या केसांनी भरलेलं, एका बाजूनं चघळून चिंध्या झालेलं. आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

"हे असू द्या जवळ," अण्णा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, आईकडेही नाही. "ह्याच्याशिवाय ती झोपत नाही."

विहीणबाईंनी ते घेतलं, पिल्लाच्या पोटाखाली नीट दुमडून ठेवलं आणि अण्णांना वाकून नमस्कार केला.