सुनंदाकाकूंच्या बोलण्याची चाल

बदलापूरला आमच्या समोरच्या दारी राहणारे सुदामकाका आनंदनगरच्या कारखान्यात फिटर होते. मधली नऊ वर्षं त्यांनी नायजेरियात, इबादानच्या एका कापडगिरणीत काढली. सुनंदाकाकू सगळ्यांना सांगायच्या, लोक परदेशातून सोनं आणतात, आमच्यांनी भाषा आणली.

ती भाषा योरुबा. काका समजावून सांगत, तिथे शब्दाला सूर असतो, वरचा, मधला, खालचा. 'ऑवॉ' म्हणताना शेवट वर नेला की हात, खाली आणला की झाडू, आणि पहिल्यापासून खालीच ठेवला की मान, म्हणजे आदर.

"म्हणजे मान मागायला जाऊन झाडू खाल्ला असेल," काकू म्हणायच्या.

गेल्या श्रावणात काकूंना पक्षाघात झाला. हातपाय सावरले, शब्द काही परत आले नाहीत. तोंडातून नुसतं 'हूं' निघे, पण सुरात निघे. ते पाहून काकांना वाटलं, योरुबाचे तीन सूर आता उपयोगी पडतील. वरचं हूं म्हणजे पाणी, मधलं चहा, खालचं औषध. वहीत लिहून त्यांनी महिनाभर काकूंकडून घोकून घेतलं. काकूंनी एकदाही वापरलं नाही. पाणी त्या स्वतः उठून घेत. पुढे पुढे तर कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या. काका मला म्हणाले, जेवते, झोपते, पण ती घरात नाही गं.

मग एका दुपारी त्यांना इबादानचा ढोलवाला आठवला. तो ढोल काखेत दाबून सूर वरखाली करी आणि ढोलाकडून बोलून घेई. पण एकटा शब्द कधी वाजवत नसे. एकाच चालीचे शब्द पुष्कळ, ऐकणाऱ्याला कळणार कसं? म्हणून सबंध वाक्य वाजवायचा, ज्याची चाल गावाला पाठ आहे असं. काकांनी वही मिटली. समोर बसून काकूंचीच रोजची वाक्यं, शब्द गाळून, गुणगुणायला लागले. तिसऱ्या दिवशी काकूंनी एक चाल उलट फेकली.

काका थेट आमच्या दारात आले. "'पुरे करा आता' म्हणाली मला," ते म्हणाले, आणि डोळे पुसत 'मो दुपे, मो दुपे' करत राहिले. त्या दुपेच्या पोटात 'ऑपे' आहे, ऑपे म्हणजे आभार, हेही तेवढ्यात सांगितलं. त्या ढोलवाल्याचं नाव कधी विचारलं नाही, याची त्यांना फार हळहळ वाटत होती.

त्या संध्याकाळी मी दोडक्याची भाजी घेऊन गेले. काकूंनी घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि लांबलचक हुंकार दिला, शेवटी चढता. मीठ विसरलीस ना गं.

"विसरले काकू," मी म्हटलं.

त्यांनी मिठाची बरणी आणून माझ्यापुढे ठेवली आणि आणखी बरंच ऐकवलं. सगळंच कळलं असं नाही. पण मी हातातलं ताट खाली ठेवून तासभर ऐकत बसले.