सिराजभाईंच्या ताब्यातला कैदी

जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या एका छोट्या सार्वजनिक बागेत सिराजुद्दीन हुर्झुक यांच्या ताब्यात बरंच काही होतं. दोनशेच्या वर बोगनवेली, चौदा कडुनिंब, पाण्याचे दोन पंप, सहा माळी आणि कारंज्याच्या कठड्यावर झोपणारी तीन आळशी मांजरं. हर्णैहून पंचविशीत आलेले सिराजभाई आता बावन्नचे होते आणि माळ्यांचे फोरमन झाले होते. एवढ्यावर ते पूर्ण खूश होते. कैदी सांभाळायची हौस त्यांना कधीच नव्हती.

कैदी आला तो वरून घरंगळत. पूर्वी अशा माणसांवर नजर ठेवायचं काम सरकारच्या वरच्या खात्याकडे असे. मग ठरलं, की किरकोळ गुन्ह्यातल्या माणसाला तुरुंगात न डांबता त्याच्याच वस्तीत चार लोकांच्या उपयोगाचं काम करायला लावावं, आणि देखरेखही त्या वस्तीच्या बलदियाने, म्हणजे नगरपालिकेने करावी. विचार झकासच होता. खात्याने काम बलदियाला दिलं, बलदियाने बागेच्या ठेकेदाराला पत्र धाडलं, ठेकेदाराने आपल्या इंजिनियरला फाइल दिली, आणि कोल्हापूरच्या प्रसाद साळोखे या त्या इंजिनियरने ती सिराजभाईंच्या हातात ठेवली.

"तुम्हीच बघा आता, सिराजभाई."

"मीच? माझ्या खाली सहा माणसं हायत की."

"त्यातल्या एकाला तरी अरबी येतं का?"

संपलं. घरंगळणारी फाइल थांबली ती सिराजभाईंच्या पायाशी.

कैद्याचं नाव उसामा. वय छप्पन्न, बंदरातल्या नोकरीतून निवृत्त, उंचापुरा, पांढरी झालेली दाढी नीट कातरलेली. गुन्हा एवढाच, की दारासमोर गाडी लावली म्हणून भडकून त्याने शेजाऱ्याच्या गाडीची पुढची काच लाथेने फोडली होती. न्यायाधीशाने साठ तास बागकाम सांगितलं, तेही तीस दिवसांच्या आत. एक तास जरी कमी पडला, किंवा त्या काळात कोणाशी भांडण झालं, तर दोन महिने तुरुंग.

पहिल्या दिवशी उसामा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या झग्यात आला आणि सिराजभाईंनी पुढे केलेलं फावडं मागे घेतलं. या देशात सत्तावीस वर्षं काढली ती कफीलसमोर, म्हणजे नोकरीला ठेवणाऱ्या मालकासमोर उभं राहून, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या खिडकीपुढे वाकून, कोणी सौदी हसला तर आपण आधी हसून. त्यांनी आजवर एकाही सौदी माणसाला साधं 'जरा सरका' म्हटलं नव्हतं. आणि आता याच्या हातात फावडं द्यायचं? शिवाय माणूस वयाने मोठा, दारी आलेला. हर्णैच्या घरात दारी आलेल्याला आधी पाणी, मग बसायला, मग चहा. त्याला काम सांगितलेलं हुर्झुकांच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं.

"या अम्म, बसा," सिराजभाई अरबीत म्हणाले. या अम्म म्हणजे अहो काका. त्यांनी कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवली आणि थर्मासातला वेलचीचा चहा ओतला. उसामा बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. दोन तास झाले की सिराजभाई छापील रजिस्टरात 'हजर, दोन तास' असं लिहून घेत, आणि दोघे एकमेकांना सलाम करून आपापल्या घरी जात. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आपण देखरेखीत फारच हुशार आहोत असं सिराजभाईंना वाटायला लागलं.

घरी मात्र सकिनाला शंका आली. मच्छीचा रस्सा वाढताना ती म्हणाली, "म्हनजे तो बसतो, आनि तुमी त्याला चाय पाजता. मग सजा कोनाला हाय, त्याला की तुमाला?"

"अगो, पाहुना माणूस तो."

"पाहुन्याला कोर्ट पाठवतो काय?"

त्यांची मुलगी इफरा, इंडियन स्कूलची बारावी, मोबाइलमधून डोकंही न काढता म्हणाली, "अब्बा, यू आर इम्पॉसिबल." सिराजभाईंनी ते कौतुक समजून घेतलं.

सोळाव्या दिवशी बलदियाची तपासनीस आली. नबीला नावाची तिशीची बाई, काळा पायघोळ अबाया, पायात धावायचे बूट आणि हातात टॅबलेट. तिने खुर्ची पाहिली, थर्मास पाहिला, उसामाच्या झग्याची इस्त्री पाहिली आणि रजिस्टर उघडलं.

"इथे 'काम' नावाचा रकाना आहे. पंधरा दिवस तो रिकामा का?"

उसामा उठून उभा राहिला. तो बोलणार एवढ्यात सिराजभाई पुढे झाले. खोटं लिहिणं त्यांना सहज जमलं असतं; पाणी घातलं, पानं झाडली, कोण बघायला आलं होतं? पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून त्यांना ते जमेना. "बाईसाहेब, चूक माझी. त्यांनी काम नाकारलं नाही. मीच दिलं नाही. मला लाज वाटली."

"कसली लाज?"

"मोठ्या माणसाला काम सांगायची."

नबीलाला हसू आलं, ते तिने आवरलं. पण नियम तिने आवरला नाही. बसलेले तीस तास बाद. मुदत तीच. म्हणजे उरलेल्या पंधरा दिवसांत पुरे साठ तास, रोज चार. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. "आणि सिराज," जाताना ती म्हणाली, "शेवटी मला तुमचं मतही लागेल. यांच्या रागात फरक पडला का, ते तुम्ही लिहायचं. खरं लिहा."

ती गेली आणि उसामा सिराजभाईंकडे वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तू मला तुरुंगात घालणार होतास," तो म्हणाला. "चहा पाजून."

सिराजभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी निमूटपणे फावडं आणलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं.

पुढचे दिवस भलतेच मजेचे गेले. उसामाला फावडं धरता येत नव्हतं; पहिल्या दिवशी त्याने माती कमी आणि स्वतःचा पाय जास्त खणला. तिसऱ्या दिवशी झगा गेला आणि जुनी विजार आली. तळहाताला फोड आले ते तो माळ्यांना पदकासारखे दाखवायचा. चार बोगनवेली कापल्यावर एक सुकलेली फांदी ओळखता आली की आख्ख्या बागेला ऐकू जाईल असं ओरडायचा. सिराजभाई हे सगळं बघत, शिकवत. पण 'करा' असं त्यांच्या तोंडून अजूनही निघत नव्हतं. 'असं केलं तर बरं होईल का, या अम्म?' अशी त्यांची आज्ञा असे. माळी पाठ फिरवून हसत.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळचे दोन तास उरले होते आणि सहाला नबीला येणार होती. फाटकाजवळच्या नव्या वाफ्यात चाळीस रोपं लावायची होती. "मी एकटा लावतो," उसामा म्हणाला आणि सिराजभाई पंपाकडे गेले. ते परत आले तेव्हा चाळीसच्या चाळीस रोपं रांगेत उभी होती आणि उसामा कंबरेवर हात ठेवून त्यांच्याकडे अभिमानाने बघत होता. सिराजभाई वाकले. मातीत बोट घातलं. बोटाला काळं प्लास्टिक लागलं.

त्याने रोपं पिशवीसकट पुरली होती. एकेका मुळाला फास.

आणि सिराजभाईंचं भान सुटलं. आधी हर्णैचं तोंड सुटलं, "अरे आंधला हायेस काय रे? पोरं गाडतोस काय जिवंत?" आणि मग तेच अरबीत, आणखी मोठ्याने. "काढ! सगळी काढ! एकेक पिशवी फाडून परत लाव! आत्ताच्या आत्ता!"

माळी जागच्या जागी थिजले. ओरडून झाल्यावर सिराजभाईंना कळलं आपण काय केलं ते. समोर गाडीची काच लाथेने फोडणारा माणूस उभा होता, त्याच्या हातात फावडं होतं आणि कपाळावरची शीर फुगली होती. त्याने एक हात उगारला की साठ तास पाण्यात, दोन महिने आत. आणि तो उगारेल तो आपल्यामुळे. या माणसाला एकदा आदराने बुडवला होता, आता रागाने बुडवतोय, असं सिराजभाईंच्या मनात आलं.

फाटकाशी नबीला उभी होती. कधी आली कोण जाणे.

उसामाने फावडं सावकाश जमिनीवर ठेवलं. तो गुडघ्यांवर बसला, पहिलं रोप हाताने उकरून काढलं आणि पिशवी फाडली. मग दुसरं. सिराजभाईही रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"तुम्ही नाही," नबीला म्हणाली. "तास त्यांचे आहेत."

सिराजभाई उठले. पावणेसातला चाळिसावं रोप लागलं. साठ तास भरून वर पाऊण तास झाला होता.

नबीलाने फॉर्म पुढे केला. 'स्वभावात फरक' असा रकाना होता. सिराजभाईंनी पेन हातात धरलं आणि कुराण वाचता वाचता शिकलेल्या वाकड्या अरबी अक्षरांत लिहिलं: 'आज मी यांच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. यांनी ऐकून घेतलं आणि काम नीट केलं.' नबीलाने ते वाचलं, उसामाला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं, आणि शिक्का मारला. उसामा सुटला.

ती गेल्यावर सिराजभाई नळाखाली हात धुणाऱ्या उसामाजवळ गेले. "या अम्म, माफ करा. मी फार बोललो."

उसामाने नळ बंद केला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. "सिराज, बंदरात माझ्या हाताखाली दोनशे माणसं होती. घरी सहा मुलं. मी चुकलो की सगळी गप्प बसायची. वडील गेले त्याला बत्तीस वर्षं झाली. तेव्हापासून माझ्यावर कोणी ओरडलंच नव्हतं."

उसामाने ओले हात विजारीला पुसले आणि विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"