घोट न गिळता पारख करणारे साळवेसाहेब

आदरणीय काशिनाथराव साळवे यांची आणि माझी पहिली भेट बारामतीजवळच्या आमच्या वाईन प्रकल्पात, मुलाखतीच्या दिवशी झाली. दहावीनंतर माझी शाळा सुटली होती. साहेबांनी पाण्याचे दोन ग्लास पुढे केले आणि विचारले, “यांत फरक सांगा.” मी वास घेतला, चव घेतली, पुन्हा घेतली आणि भीत भीत म्हणालो, “साहेब, मला काहीच फरक वाटत नाही.”

“नाहीच आहे,” साहेब म्हणाले. “सकाळपासून सगळ्यांनी काही ना काही सांगितलं. तुम्ही उद्यापासून या.”

माझ्यासारख्या पोरसवद्यालाही ते पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणत आले आहेत. टाकीघराचे कुलूप लावल्यावर मी ते पुन्हा पुन्हा ओढून पाहतो. घरी निघालेले साहेब स्कूटर बंद करून माझ्यासाठी थांबतात. माझ्या या सवयीला ते कधी हसले नाहीत.

साहेब मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून त्यांची उमेदीची वर्षे गेली, मग ते आमच्या प्रकल्पात वाईनची पारख करायला आले. घर धम्मदीक्षा घेतलेले, आणि पंचशील त्यांनी मनापासून पाळले. त्यामुळे वाईन तोंडात घोळवायची, पारखायची आणि बादलीत थुंकायची, हा त्यांचा नियम. एक थेंबही घशाखाली जात नाही. नवे बागायतदार हे पाहून हळहळतात, “येवढी महागाची, आन् बादलीत?”

त्यांच्या या पारखीचे मोल मला एका हंगामात कळले. ऐन तोडणीत आमचा द्राक्षे दाबायचा प्रेस बंद पडला. शेळगावच्या ज्ञानोबातात्यांची काळी द्राक्षे तोडून झाली होती. ती सडू नयेत म्हणून तात्यांनी ती आपल्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरली. इटलीहून तंत्रज्ञ सुटा भाग घेऊन येईपर्यंत ती अर्धी सुकली होती. तंत्रज्ञ मात्र ती पाहून खूश झाले. त्यांच्या गावीही द्राक्षे अशीच सुकवून लाल वाईन करतात, बाहेरचे काही न घालता, आणि साखर दाटल्याने तिच्यातले अल्कोहोल सोळा टक्क्यांवर जाते. जाताना तशा दोन बाटल्या त्यांनी साहेबांना भेट दिल्या.

तात्यांची टाकी आंबून शांत झाली आणि तपासणीत तीही सोळा टक्के भरली. आमची नेहमीची वाईन बारा टक्क्यांची. बागायतदारांच्या बैठकीत एक संचालक सरळ म्हणाले, “शेजारी डिस्टिलरी हाय. सोळा टक्के द्राक्षातनं येत्यात व्हय? कुणीतरी स्पिरिट ओतलंय. टाकी डिस्टिलरीला लावून द्या.”

“मी स्पिरिट बघितलं बी न्हाय,” तात्या म्हणाले. टाकीघराची किल्ली माझ्याकडे असे, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. तात्यांची अब्रू आणि माझी नोकरी, दोन्ही त्या टाकीत होती.

साहेबांनी संचालकांना सांगितले, “नेहमीच्या वाईनमध्ये तुमच्या हाताने स्पिरिट घाला, सोळा टक्के होईपर्यंत. इटलीच्या दोन, तात्यांची एक आणि ही, असे चार ग्लास मला न दाखवता भरा.”

ग्लास आले. साहेबांनी एकेक हुंगला, घोट घोळवला, थुंकला.

“साहेब, गिळल्याबिगर कसं कळंल?” संचालकांनी टोमणा मारला.

“गिळल्यावर एवढंच कळेल, की चढली.”

सगळे हसले. साहेबांनी तिसरा ग्लास बाजूला काढला. “स्पिरिट यात आहे. नाकाला आधी तेच भिडतं, द्राक्ष मागून येतं. बाकीच्यांत अल्कोहोल आणि द्राक्ष एकजीव आहेत, आणि तोंड रिकामं झाल्यावर ऊब राहते.” मग त्यांनी चारही ग्लासांत थोडे थोडे पाणी घातले आणि ते संचालकांपुढे सरकवले. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच बघा.”

संचालकांनी बराच वेळ वास घेतला. बाकीच्या तीन ग्लासांत मनुका आणि चिंचेचा वास उलट मोकळा झाला होता. तिसरा ग्लास उचलून ते म्हणाले, “हे तर पाण्यात मेलं की! आन् हेच मी केलेलं.”

साहेब तात्यांकडे वळले. “तात्या, माल चोख आहे. पण इटलीच्या तोडीचा नाही. देठ राहिलेत, तुरट झालीय.”

“चोर न्हाय म्हनलात न्हवं? मग तुरट तर तुरट!” तात्या म्हणाले.

संचालक मला बाजूला घेऊन काही बोलू पाहत होते. साहेबांनी त्यांना थांबवले. “आरोप सगळ्यांसमोर झाला. आता जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगा.” संचालकांनी उभे राहून, तात्यांचे आणि माझे नाव घेऊन, आपली चूक झाल्याचे सांगितले. निकाल इटलीच्या बाजूने लागला तेव्हा साहेबांनी तो मोकळेपणाने सांगितला, आणि आमच्या बाजूने लागला तेव्हा तो चार भिंतींत राहू दिला नाही.

साहेब साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांना निरोगी, समाधानाचे दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची इच्छा. मी हा लेख लिहितो आहे हे कळल्यावर तात्यांनी शेळगावहून निरोप धाडला आहे, तो जसाच्या तसा देतो: “साहेबांना म्हनावं, तब्येतीला जपा. आमचं अजून लई हंगाम चाखायचं हायती. आन् खोटं बोलू नका. तुरट असली तर तुरटच सांगा.”