बोटीवरचा नळ

आमच्या तिसगावात नळ बंद ठेवायची पद्धतच नाही. पाणी सुटणार आठ-दहा दिवसांनी, तेही कधी ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. मग नळ बंद करून करायचंय काय? तोटी उघडी टाकायची, खाली हंडा लावायचा आणि आपल्या कामाला लागायचं. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटते, फुसफुस आवाज होतो. तो आवाज आईला पार रानातून ऐकू येतो, अशी दादा तिची चेष्टा करायचे. दादा म्हणजे माझे वडील. ही सवय घेऊनच मी मोठा झालो. ही सवय घेऊनच बोटीवर गेलो, आणि तिथंच घात झाला.

मी नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पंचवीस वर्षं झाली म्हणून कंपनीनं मला मुंबई-गोवा क्रूझची दोन तिकिटं दिली. बायको भंडारदऱ्याच्या होडीतसुद्धा बसली नव्हती, ती कसली बोटीवर येतीय. म्हणाली, ‘आईदादांना न्या, त्यांनी समुद्र बघितला नाही.’ मग तिसरं तिकीट मी काढलं आणि आम्ही तिघं निघालो.

दादा तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते, पण ताठ. रोज पहाटे तीन किलोमीटर चालत रानात जायचे आणि चालतच परत. मी मोटरसायकल काढली की म्हणायचे, ‘तुझं पेट्रोल संपंल, माझे पाय न्हाई संपायचे.’ त्यांना पायांचा भारी गर्व होता. बोटीच्या कठड्याला धरून त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. मग म्हणाले, ‘येवढं पानी, आन् एक चिमनी पिऊ शकत न्हाई. काय कामाचं?’

खोली आतली होती, बिनखिडकीची. आईनं आधी न्हाणीघर गाठलं. बेसिनचा नळ दांडीचा होता, वर उचलली की चालू, खाली दाबली की बंद. तिनं तो चार वेळा चालू-बंद करून पाहिला आणि लगेच पिशवीतल्या रिकाम्या बाटल्या काढून भरायला बसली.

‘आई, इथं चोवीस तास पाणी असतं. लोक हसतील,’ मी ओरडलोच.

‘हसू दे. भरल्या भांड्यानं कुनाचं वाईट झालं न्हाई.’

जाताना सगळं छान होतं. परतीच्या दिवशी सकाळपासून वारा फिरला. कुठंतरी लांब वादळ तयार झालंय म्हणे, असं वेटर एकमेकांत बोलत होते. दुपारच्या जेवणाला ताटं टेबलावरून घसरायला लागली. आईला दोन घास गेले नाहीत. आम्ही खोलीत आलो तर तिला उलट्यांवर उलट्या. दादा पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून पडले होते.

तीनच्या सुमारास पायाखालची थरथर थांबली. बोटीवर पाऊल टाकल्यापासून ती एकदाही थांबली नव्हती. पाठोपाठ दिवे गेले. दिवसाढवळ्या खोलीत काळाकुट्ट अंधार. मी मेंटेनन्सवाला, मला काय, मोठा शहाणा! ‘जनरेटर ट्रिप झाला, दादा. करतील चालू,’ असं मी जणू माझंच मशीन असल्यासारखं सांगितलं. पण इंजिन बंद पडल्यावर बोट आडवी होते आणि लाटा कुशीवर घेते, हे मला कुठं माहीत होतं? ती अशी कलायला लागली की कपाटाची दारं आपोआप उघडायची आणि दुसऱ्या अंगाला कलली की धाडकन आपटायची. सामान पार इकडून तिकडं चाललं होतं.

‘बुडतीय का रं?’ दादांनी विचारलं.

‘नाही हो, दादा,’ मी म्हणालो.

आईला पुन्हा उलटी झाली. भरलेल्या बाटल्या कुठल्या कुठं घरंगळल्या होत्या. मी मोबाईलची बॅटरी लावून तिला बेसिनपाशी नेलं. नळाला पाणी नव्हतं. हवा तेवढी सुटली, फुस्स, अगदी आमच्या गावच्या नळासारखी. आई तशातही म्हणाली, ‘चालू ठिव रं तो. आलं की कळंल. आन् खालचं भोक दाब, पहिलं पानी वाया जायला नको.’

मी दांडी वर केली. मीच बेसिनचं बूच खाली दाबलं. मला त्यात काही वेगळं वाटलंच नाही. पाणी गेलं की आपण हेच करतो.

तेवढ्यात भोंगा झाला. सगळ्यांनी जॅकेटं घालून वरच्या मजल्यावर जमा व्हायचं होतं. मी दादांना जॅकेटाचे पट्टे बांधले. दारातून निघताना आई थांबली.

‘नळ बंद केलास का?’

‘केला गं, केला! चल आता, आई!’

केला नव्हता. खोटं बोललो. आत परत जायचा मला कंटाळा नव्हता, भीती वाटत होती. आईचा माझ्यावर विश्वास नव्हताच. ती भिंत धरून न्हाणीघराकडं वळली. मी दारातून उजेड धरला. तेवढ्यात बोट कलली, तिनं आधाराला टॉवेलाची दांडी धरली, चौकटीवर आपटली आणि ‘आई गं’ करत मागं फिरली. तिचा हात बेसिनपर्यंत पोहोचलाच नव्हता. हे फक्त मी पाहिलं, कारण बॅटरी माझ्या हातात होती.

वर दीड तास काढला. पाऊस आडवा मारत होता. कुणी रडत होतं, कुणी मोबाईलला रेंज येते का बघत होतं. आईनं दादांचा हात घट्ट धरला होता. उभ्या जन्मात मी त्यांना असं हात धरलेलं पाहिलं नव्हतं. आई डोळे मिटून आमच्याकडच्या डोंगरावरच्या देवीला बोलली, ‘देवी, सुखरूप ने. आमी दोगं जोडीनं तुज्या डोंगराला पायी येऊ.’ दादा म्हणाले, ‘येऊ की. पाय हायेत.’

दिवे आले. एक इंजिन चालू झालंय, हळूहळू मुंबई गाठू, अशी सूचना झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या! नळाचं पार विसरलो होतो.

खोलीचं दार उघडलं तर गालिचा ओला. दादांना केव्हाची लघवीची घाई होती, ते आमच्या पुढं गेले. मी म्हणालो, ‘दादा, थांबा.’ त्यांनी न्हाणीघराचा उंबरा ओलांडला, बोट कलली आणि ते खाली गेले. फांदी मोडावी तसा आवाज आला. आत बेसिन भरून वाहत होतं आणि बोटीच्या प्रत्येक हेलकाव्याला पाण्याचा लोट त्यांच्या अंगावर पडत होता.

खुबा मोडला होता. बोटीवरच्या डॉक्टरनं सुई दिली आणि पाय बांधला. मुंबई यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोवर बोट कलली की दादा ओरडायचे. हा माणूस विंचू चावल्यावरसुद्धा ओरडला नव्हता.

नगरला ऑपरेशन झालं, रॉड टाकला. दवाखान्यात आत्या आली, दादांची थोरली बहीण, तोंडाची फटकळ. आल्या आल्या तिनं विचारलं, ‘नळ कुनी उघडा टाकला हुता?’

आई म्हणाली, ‘म्याच. बघाया गेलते अंधारात, बंद करायच्या ऐवजी उघडा केला असंल. ह्यानं तर बंद केल्ता.’

माझ्याकडं पाहिलं दोघींनी. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘आत्या, चहा सांगू का?’

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं, मग दादा घरी आल्यावर बोलू म्हटलं. दादा घरी आले, पण चालले नाहीत. वॉकर कोपऱ्यात तसाच उभा राहिला. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. होळीच्या आधी गेले. शेवटी शेवटी खाटेवरून आपल्या पायांकडं परक्याच्या वस्तूकडं बघावं तसं बघायचे.

दहाव्याला आत्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, ‘माज्या भावाला पान्यापायी मारला.’ आईनं मान खाली घातली. मी पिंडाच्या समोर बसलो होतो. कावळा शिवत नव्हता. मला वाटलं, आता तरी बोल भडव्या. नाही बोललो.

त्यानंतर आईनं नळाला हात लावायचं सोडलं. खरंच सांगतो. जी बाई फुसफुस ऐकून रानातून धावत यायची, ती पाणी आलं तरी ओट्यावर बसून राहायची. ‘माजा हात वाईट हाय,’ म्हणायची. देवाला फूल वाहणंही बंद. शेजारीण मला फोन करायची, मी नगरहून चाळीस किलोमीटर गाडी मारत जायचो, पाणी भरायचो आणि यायचो. शिक्षा म्हणून जायचो असं म्हणायला छान वाटतं. पण शिक्षा ती भोगत होती, मी नुसतं पाणी भरत होतो.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या पहिल्या पाण्याला गेलो. नळ फुसफुसायला लागला. आई ओट्यावरून म्हणाली, ‘भर रं बाबा, तूच भर. माज्या हातानं नको.’

माझ्या हातातून हंडाच सुटला. मी म्हणालो, ‘आई, बोटीवरचा नळ मी बंद केला नव्हता. खोटं बोललो तुला. तुझा हात तिथवर गेलाच नव्हता, मी बघितलं होतं.’

तिनं रडावं, मारावं, काहीही करावं असं मला वाटत होतं. ती कितीतरी वेळ आपल्या तळहातांकडं बघत राहिली.

‘दहाव्याला बी ठावं हुतं तुला?’

‘होय.’

‘त्येंच्या म्होरं, खाटंपशी बसून मी रोज माफी मागायची. तवा बी?’

मी मान डोलावली.

ती उठली. पदर खोचला, हंडा सरळ करून नळाखाली लावला आणि वर्षानंतर पहिल्यांदा तोटीला हात लावला. पाणी धो धो आलं. हंडा, दोन घागरी, पिंप, सगळं तिनं एकटीनं भरलं. मी एका घागरीला हात घातला तर म्हणाली, ‘ठिव ती खाली.’

मग हात धुतले, पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘उद्या देवीला जाते. पायी. तू गाडी घिऊन मागं येऊ नको.’