आई धाकटीकडे राहायला गेली तेव्हा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडे न येता धाकट्या बहिणीकडे यवतमाळला गेली, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला.

मी मोठी. सांगितलं त्या घरी लग्न केलं, मारेगावच्या भरल्या घरात नांदले, सगळे उपास धरले. धाकटीने आलेली स्थळं परतवली आणि एक दिवस आईला सांगून टाकलं, की कॉलेजात शिकवणारी तिची मैत्रीण ही नुसती मैत्रीण नाही. दोघींना जन्मभर सोबत राहायचंय. आई दोन दिवस जेवली नाही. मी तिची समजूत घालत होते, पण खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटत होतं. आता चांगली लेक मी एकटीच उरले होते.

आणि त्याच घरी आता आई!

एका रविवारी डबाभर पातोड्या घेऊन मी एसटीने यवतमाळ गाठलं. दार उघडंच होतं. आई खुर्चीत बसलेली, आणि ती मैत्रीण खाली बसून तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. काहीतरी सांगत होती आणि आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. माझ्या घरी आई पदर तोंडाला लावून हसते.

दिवसभर मी खोट शोधत होते. सापडली नाही. जेवणं झाल्यावर बहिणीने भांडी घासली, मैत्रिणीने धुणं वाळत घातलं. कुणी कुणाला सांगत नव्हतं. माझ्या पातोड्या दोघींनी मागून मागून खाल्ल्या, त्याचाही राग आला.

चहाच्या वेळी मी विचारलंच. "मारेगावात लोक मले विचारतात, तुमच्यात नवरा कोण अन् बायको कोण?"

खोटं होतं. मारेगावात मी कुणाला काही कळूच दिलं नव्हतं.

बहिणीने कप खाली ठेवला. मैत्रीण मात्र शांतपणे म्हणाली, "विचारू द्या ताई, सगळेच विचारतात. नवरा नाहीच इथे कोणी. गाडी ती चालवते, कारण मला रस्त्यावर भीती वाटते. भाजी मी करते, कारण तिची खारट होते. बाकी जिला जे सुचेल ते."

मग मी आईकडे वळले. "माह्याकडे काहून नाही आली तू? खोली रिकामीच होती ना?"

"लेकीच्या सासरी कशी राहू वं?" आई म्हणाली. "तिथं पाणी मागाचं तरी तुह्या सासूच्या तोंडाकडे पाहा लागते. इथं कोणाचंच सासर नाही."

मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. थोड्या वेळाने बहिणीने दार वाजवलं.

"ताई, तुले वाटते मी माय पळवली तुह्यापासून?"

"हो," मी आतूनच म्हणाले.

ती बाहेरून म्हणाली, "मले तं लहानपणापासून वाटते, तूच पळवली. माय कायम म्हणे, ताईसारखी वाग."

मी दार उघडलं. आम्ही काही गळ्यात पडलो नाही. तिने टॉवेल दिला, मी तोंड पुसलं. मग ती मला गाडीवर स्टँडपर्यंत सोडायला आली.

घरी सासूबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "धाकटीचं काही जमलं का?"

"जमलंय," मी म्हणाले. "ती तिच्या मैत्रिणीसोबत राहते. नवरा-बायको राहतात तशा. जन्मभरासाठी."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. पुढे आठवडाभर आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. त्या घरात पहिल्यांदाच मी कुणाला न विचारता काही बोलले होते, आणि अंगावर छत काही कोसळलं नाही.

पण माझी असूया गेली असं नाही. परवा बहिणीचा फोन आला, "माय आज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेली!" मला आनंद झाला. तरी तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला, "कोणाचा हात धरून?"